सरांचा पुरस्कार, आबाचा अंगठा

वनस्पतिशास्त्रात देशभरातून निवडून एखाद्यालाच मिळणारा तो पुरस्कार मी सहा वर्षं दर गुरुवारी चिंच आणि राखेनं घासला आहे. पितळी आहे. लोकांना वाटतं सोन्याचा असेल. त्यावर एक पान कोरलेलं आहे. ते कोणत्या झाडाचं हे सरांनाही सांगता येत नसे. पानाच्या शिरांत राख अडकायची आणि मला ती खराट्याच्या काडीनं उकरून काढावी लागायची. धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात तो ठेवलेला असे. घरी आलेल्या माणसाला काकू, म्हणजे सरांची बायको, आधी तो दाखवायची आणि मग पाणी विचारायची. माणसं हातात घेऊन म्हणायची, भारी जड आहे हो. जड होताच. उचलून ठेवणारी मीच होते, मला वजन माहीत आहे.

माझी नात म्हणते, आजी, त्या लोकांनी तुला घरात ठेवलं, खाऊ घातलं, त्यांच्याबद्दल जरा चांगलं लिही. मी चौथी पास आहे. झालं ते लिहिता येतं, चांगलं लिहायला पुढच्या इयत्तांत शिकवत असतील.

आमचं घर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायाशी. घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि एकच खोली. तिच्यात आबा, माय, माझे दोन लहान भाऊ, मी आणि दोन शेळ्या. आबा म्हणजे माझा बाप. जमीन होती, पण पाऊस म्हणेल ती आमची. चैतापर्यंत दादर, म्हणजे आमची ज्वारी, पुरायची. त्यानंतर मोहफुलं, डिंक, टेंभुर्णीची पानं, चार दिवस याच्या शेतात, चार दिवस त्याच्या. दादरची भाकर मिळाली की माय बोलायची, नाही मिळाली की बोलायची नाही. आम्हाला भांडं उघडून बघायची गरज नसे. आखाड-श्रावणात कणगी झाडून झाली की आमचं खाणं डोंगरावर असायचं. अंबाडी, तांदुळजा, आणि सगळ्यात शेवटी दिवटी. दिवटी हा वेल. बोटभर लांब फूल, हिरवट-जांभळं, वरून पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, पेटलेल्या दिव्यासारखं दिसणारं. आम्हाला फुलाशी घेणं नव्हतं. खाली जमिनीत लिंबाएवढा, कधी बटाट्याएवढा कांदा असतो, भाजला की गोड लागतो. आमच्या भागात ती एकाच उतारावर होती आणि तो उतार आबाला माहीत होता. आबा फूल गळायची वाट बघायचा, मग हातानं माती बाजूला करून खालचा अर्धा कांदा कापून घ्यायचा आणि वरचा अर्धा वेलासकट पुन्हा मातीत बसवायचा. त्याच्या बापानंही तसंच केलं होतं. आम्हा पोरांना उतार दाखवला तेव्हा त्यानं आधी एकेक कानशिलात दिली, म्हणजे जागा ध्यानात राहील आणि तोंड बंद राहील.

सर पावसाळ्यात यायचे. धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, खांद्याला पत्र्याची पेटी. आवाज इतका मऊ, की आबा म्हणायचा हा माणूस झाडांना झोपवायला आला की काय. आबा त्यांना डोंगर दाखवायचा, दिवसाला मजुरी घ्यायचा. पहिल्या वर्षी सर म्हणाले, आम्ही गेल्यावर जी नवीन झाडं दिसतील ती जमवून ठेव. आबानं महिनाभर खपून पोतंभर जमवली. पानं खुडून टाकलेली, फुलं झटकलेली, मुळ्या ओढ्यात धुऊन, सोलून, जुड्या बांधून. बाजारात औषधाच्या मुळ्या तशाच नेतात. सरांनी पोतं उघडलं आणि एक जुडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, अरे, फुलाशिवाय मी हिला ओळखू कसा? आबा म्हणाला, "कामनी ते मुळी शे. फूलनं काय करतस?" सर हसले. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट ते पाहुण्यांना जेवताना सांगायचे, आबाच्या आवाजाची नक्कल करून. मी तेव्हा उष्टी ताटं उचलायला दारात उभी असायचे.

मी चौथी पास झाले त्या वर्षी सर काकूला घेऊन आले. गावातली शाळा चौथीपर्यंतच. मला पाचवीत जायचं होतं. त्यात मोठं काही नव्हतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, कारण आमच्या गावात खुर्ची फक्त शाळेत होती. सर म्हणाले, पोर चुणचुणीत आहे, आमच्याकडे पाठवा, घरात काकूला हातभार लावेल आणि आम्ही तिला धुळ्यात शाळेत घालू. आबानं मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "जाय. आठे एक भाकर वाची." इथली एक भाकर वाचेल, माझी पाठवणी एवढीच. नाव माझं सुपडी. जन्मल्यावर सुपात घालून काढलं म्हणून सुपडी, आमच्याकडे घरटी एक असते. काकूला ते नाव ऐकून शिसारी आली. एस.टी. शिरपूरला पोचायच्या आत तिनं मला मंगल करून टाकलं.

धुळ्याच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कागदांचा. सर डोंगरातून आणलेली झाडं वर्तमानपत्रांच्या घड्यांत पसरायचे, एकावर एक पन्नास घड्या, वर-खाली लाकडी जाळीच्या फळ्या आणि त्यांना पट्टे. पट्ट्यावर गुडघा रोवून ओढायचं, करकर वाजायचं. झाडातलं पाणी कागद पितो, म्हणून रोज प्रत्येक झाड ओल्या कागदातून कोरड्यात घालायचं आणि ओले कागद गच्चीवर वाळवायचे. एक दिवस चुकला की बुरशी. पावसाळ्यात कागद वाळत नाहीत, मग चुलीवर धरून वाळवायचे, जळला की मार. मार काकूचा; सरांनी कधी हात उगारला नाही. वाळलेलं झाड जाड कागदावर सुईदोऱ्यानं टाचायचं आणि त्याआधी कीड लागू नये म्हणून विषाच्या पाण्यातून काढायचं. ते मी उघड्या हातांनी करायचे. दोन महिन्यांत बोटांची साल निघाली. काकूनं माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि त्या दिवसापासून मला स्वयंपाकघरातल्या डब्यांना हात लावू दिला नाही. हाताला विष आहे म्हणाली. विष द्यायचं मात्र थांबवलं नाही. माझं ताट अंगणात. त्यात कमी काही नसायचं, हे सांगितलं पाहिजे. सणाला खापरावरची पुरणपोळी मलाही मिळायची, फक्त वरून टाकलेली.

आणि शाळा? जून आला आणि गेला. सर म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी त्या ओल्या वर्तमानपत्रांवर वाचत राहिले, सहा महिने जुन्या बातम्या, त्यावर पानाफुलांचे डाग. माझं पुढचं शिक्षण तेच. आजही ताजं वर्तमानपत्र हातात आलं की मला ते कच्चं वाटतं.

दुसऱ्या श्रावणात सर मला घेऊन गावाकडे गेले, बरोबर कॉलेजची तीन मुलं. दिवटीचं एक फूल त्यांना आदल्या वर्षी ओढ्यात वाहत आलेलं सापडलं होतं. ते फूल पुस्तकात कुठेच नव्हतं, म्हणजे ती झाडाची नवीच जात निघणार होती. त्यांनी आबाला चार वेळा विचारलं. आबा म्हणायचा, पूर्वी होती बुवा, आता दिसत नाही. पाचव्यांदा त्यांनी आबाला विचारलं नाही, मला विचारलं. आबा चोपड्याच्या बाजाराला गेला होता. ओट्यावर माझ्या शेजारी बसून त्याच मऊ आवाजात सर म्हणाले, "मंगल, मला ते झाड मिळालं तर माझं मोठं काम होईल. मग तुझी शाळा कोण अडवणार?"

मी उठले आणि पुढे चालायला लागले. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मला कळत होतं. भाव ठरला होता आणि मला तो परवडला.

त्यांनी उतार उभा खोदला. कागदावर लावायला फूल, पान, मूळ सगळं एकत्र लागतं, अर्धा कांदा चालत नाही. एक रोप पुरलं असतं, पण एक दिल्लीला पाठवायचं, एक कलकत्त्याला, काही परदेशात, बदल्यात तिकडची झाडं येतात. मुलं हसतखेळत खणत होती. एकानं कांदा चावून पाहिला आणि बटाट्यापेक्षा बरा आहे म्हणाला. संध्याकाळी आबा बाजारातून परतला. माय त्याला काही सांगायच्या आधी त्यानं आमच्या दारात रचलेल्या कागदांच्या घड्या पाहिल्या. तो उतारावर जाऊन आला. सरांना त्यानं राम राम केला, कारण सर पाहुणे होते. मला म्हणाला, "तू दखाडं?" मी हो म्हटलं, मीच दाखवलं. "जाय तेस्नासंगे," तो म्हणाला आणि शेळ्या बांधायला गेला. त्या वर्षी भादव्यात आमच्या घरी बियाण्याची दादर दळली. धाकट्या भावानं दिवटी समजून दुसराच कांदा उकरून खाल्ला, दोन दिवस तोंडातून फेस येत होता. जगला. हे मला वर्षभरानं गावचा एक माणूस धुळ्याच्या स्टँडवर भेटला तेव्हा कळलं. तो हसत सांगत होता.

दिवटीला शास्त्रातलं नाव मिळालं. सरांनी ते काकूच्या नावावरून ठेवलं. काकूनं ते झाड जिवंत कधी पाहिलं नव्हतं, पण नावाचा छापील कागद तिनं देवघरात ठेवला. मग पुस्तक आलं आणि पुस्तकावर दिल्लीचा तो पुरस्कार. सर दिल्लीला जाऊन आले आणि धुळ्यात सत्कार ठरला. पुस्तकाच्या शेवटी सरांनी आभार मानले होते. मी विचारलं म्हणून त्यांनी मला ते मराठी करून वाचून दाखवलं. प्राचार्यांचे, वनखात्याचे, पत्नीचे, आणि स्थानिक मजुरांचे. "हे शेवटचे तुम्ही," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाटत होतं की मला आनंद होईल.

सत्काराला आबाला बोलावलं होतं. कुणाची कल्पना ती माहीत नाही, पण सरांना ती आवडली असणार. आबा धुतलेलं धोतर नेसून आला, मंचावर कडेच्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. मी खाली पाण्याचे पेले फिरवत होते. त्यानं मला पाहिलं आणि नजर पुढे नेली, जशी रिकाम्या खुर्चीवरून नेतात. भाषणं झाली. सरांनी पोत्यातल्या सोललेल्या मुळ्यांची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. मग आबाला शाल आणि नारळ दिला. सर सभेकडे तोंड करून म्हणाले, "आबा, सांगा बरं या मंडळींना, आहे का अजून आपली दिवटी डोंगरात?"

आबा उठला नाही. बसूनच म्हणाला, "शेतस ना सायेब. बठ्ठ्या तुमना कागदमा शेतस."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सगळ्या तुमच्याच कागदांत आहेत, हे कळण्याइतकी अहिराणी समजणारेही त्यात होते, त्यांनीही वाजवल्या. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जरा चिकटून राहिलं. मग त्यांनी ध्वनिक्षेपकातून जाहीर केलं की आबांच्या या मुलीच्या शिक्षणाचा भार आपण उचलत आहोत, तिला याच महिन्यात पाचवीत घालणार. पुन्हा टाळ्या. मी पेले फिरवायची थांबले, काकूनं डोळे वटारले. आबा कार्यक्रम संपायच्या आधी निघून गेला. शाल नेली, नारळ खुर्चीवर ठेवला.

एवढ्या लोकांसमोर बोलल्यावर सरांना मागे फिरता येईना. त्यांनी मुलींच्या शाळेतून अर्ज आणला, मुख्याध्यापिकेनं माझं वय जास्त असूनही श्रावण संपेपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं. अर्जावर पालकाचा अंगठा हवा होता. पालक म्हणून सरांची स्वतःची सही चालली असती. हे मला फार पुढे, माझ्या मुलाला शाळेत घालताना कळलं. सरांना ते तेव्हाच माहीत असणार. त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला, शाईची डबी दिली आणि म्हणाले, जा, वडिलांचा अंगठा घेऊन ये.

मी तीन वर्षांनी घरात पाय ठेवला. माय भाकरी थापत होती, थापत राहिली. धाकट्या भावानं मला ओळखलं नाही. आबा ओसरीवर दोर वळत होता. मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि डबी उघडली. त्यानं डबीकडे पाहिलं, माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. म्हणाला, "एक दिवटी दखाड. मंग अंगठा ली जाय."

मला वाटलं, बाप आहे, दोन दिवसांत वितळेल. सगळ्यांचे बाप वितळतात असं पुस्तकात असतं. माझा तसला नव्हता. तो रोज सकाळी विचारायचा, दखाडी का? आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. मी आठ दिवस डोंगर पालथा घातला. त्या उतारावर तरोटा आणि घाणेरी माजली होती. मी पलीकडच्या उतारावर गेले, त्याच्या पलीकडच्या. पाऊस होता, पायात काही नव्हतं. माय रात्रीची अर्धी भाकर ठेवायची, तीही बोल लावत. म्हणायची, धुळ्याची बाई आली आहे, हिला वरण-भात कुठून आणू. शाळेची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

नवव्या दिवशी दुपारी मला ती दिसली. घाणेरीच्या जाळीत दगडाच्या कपारीत, वीतभर वेल, त्याला एक फूल. मी हात घालताना कोपरापर्यंत ओरबाडले. आणि मग मी जे केलं ते करताना मला एकदाही वाटलं नाही की मी काही चूक करते आहे. मी काडीनं भोवतालची माती मोकळी केली. मूळ तुटू न देता, कांद्याला नख न लागू देता, अख्खं रोप बाहेर काढलं. परकराच्या ओच्यात जुन्या वर्तमानपत्राची घडी होती, धुळ्याहून भाकर बांधून आणलेली. ती पसरली. वेल नागमोडी ठेवला, फूल आडवं, पानं सुटी सुटी, आणि एक पान उलटं, कारण पानाची खालची बाजूही दिसायला हवी. वर वर्तमानपत्राचं दुसरं पान घातलं आणि छातीशी धरून धावत सुटले. चार वर्षं रोज केलेलं काम होतं. त्या पावसात, त्या घाईत, इतकं नीट मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

आबा दोर वळतच होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि उघडला. त्यानं बराच वेळ पाहिलं. उलटं ठेवलेलं पान त्यानं बोटानं सरळ केलं. ते मोडलं. मग म्हणाला, "तू सरनीच पोर व्हई गयी."

तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, परत लावते, आत्ता जाते, अजून ओलं आहे. तो म्हणाला, फूल असताना उपटलेली धरत नाही. त्यानं अर्ज उचलला, घडी घातली आणि माझ्या हातात कोराच्या कोरा परत दिला. रागावला नाही. मारलं असतं तर मी आज त्याच्याबद्दल बरं लिहिलं असतं.

मायनं कागदावरून रोप उचललं. वेल मोडून शेळीपुढे टाकला, कांदा निखाऱ्यात सारला. लिंबाएवढाच होता. भाजल्यावर तिनं विळीवर त्याचे पाच तुकडे केले, आबाला दिला, भावांना दिले, स्वतःला ठेवला. पाचवा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही.

"खाय," ती म्हणाली. "तूच ना लई उनी."

आणणारी मीच होते. मी खाल्लं. आठ दिवस अर्ध्या भाकरीवर होते. गोड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेले. दार काकूनं उघडलं. सर वर्गावर होते. अंगठा मिळाला का, तिनं विचारलं. मी नाही म्हटलं.

"बरं," काकू म्हणाली. "पाय धू आणि वर जा. नऊ दिवसांचे कागद साचलेत."

मी पाय धुतले आणि वर गेले. कागद खरंच साचले होते.